इटलीचा निरोप्या आणि आमचा धाकलू

धाकलू एखाद्या अंगणात उभा राहिला आणि पाणी नको म्हणाला, की त्या घरात रडणं सुरू व्हायचं. कोण गेलं, कधी गेलं, हे मागाहून.

कर्जत-खालापूरकडच्या गावांत मयताचा निरोप नेणाऱ्याची ही रीत होती. त्यानं पडवीवर चढायचं नाही. त्या घरचं पाणी प्यायचं नाही. घरातल्या बाईनं तांब्या पुढे करायचा आणि त्यानं ‘नको’ म्हणायचं. एवढ्यावर काम व्हायचं.

पूर्वी गावानं हे काम महारवाड्यावर लादलं होतं. महाडच्या सत्याग्रहानंतर तिथल्या लोकांनी असली कामं सोडली, आणि बरोबर केलं. गावापुढे मोठा प्रश्न उभा राहिला, कारण माणसं मरायची काही थांबली नव्हती. धाकलू कुणब्याचा. थोडी भातशेती, एक बैलगाडी, पाय चपळ आणि स्वभाव असा की कोणाला नाही म्हणता यायचं नाही. एकदा कोणीतरी म्हणालं, “धाकलू, तू जाऊन ये.” तो जाऊन आला. पुढची वीस वर्षं तो जात राहिला. नाही म्हणता न येणाऱ्या माणसाच्या वाट्याला जन्मभर ‘नको’ म्हणायचं काम आलं.

त्याचा एक वेगळाच जाच होता. इतर कामासाठी कुठे गेला तर त्याला पाणी नाकारायची सोय नव्हती. विळा मागायला जा, बैल बघायला जा, नुसतं रस्त्यानं जा. बाया तांब्या घेऊन धावत यायच्या आणि तो पिईपर्यंत श्वास रोखून बघत राहायच्या. तो कर्जतहून कशेळ्याला गेला की पोटात दहा-अकरा घरांचं पाणी घेऊन पोचायचा. “माज्या पोटात उल्हास नदी हाय, शशीभाऊ,” तो म्हणायचा. “पूर आला की शेताच्या बांधावर सोडतो.”

माझी त्याची ओळख अशाच निरोपातून झाली. माझे वडील कर्जतला वकील होते. १९४४ साली ते वारले तेव्हा मी मुंबईत होतो, साहित्य घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. धाकलू माझ्या खोलीवर आला. मी पाणी दिलं. तो म्हणाला, नको.

“मग चहा घ्या.”

“नको.”

“लिंबाचं सरबत?”

तो माझ्याकडे बघत राहिला. “भाऊ, तुमी शिकलेलं ना?”

“हो.”

“मग समजून घ्या की.”

मला समजलं नाही. कवितेतलं सूचक मी परीक्षेत पानंच्या पानं उलगडून लिहीत होतो. दारात उभं राहिलेलं मला कळलं नाही. शेवटी त्याला शब्दांत सांगावं लागलं. त्याची ती पहिलीच वेळ असावी, कारण तो माझ्यापेक्षा जास्त चाचरला. आगगाडीत कर्जत येईपर्यंत तो माझ्या शेजारी बसून होता. त्या दिवसापासून तो माझा मित्र, जरी तो माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठा होता.

त्याची बायको लवकर गेली. तिच्या माहेरी तो निरोप त्यानंच नेला; दुसरं कोण जाणार? एक मुलगी राहिली, जयवंता. तिचं लग्न जमेना. मुलगी चांगली, काम चांगलं, पण धाकलू व्याही म्हणून येत-जात राहणार ही कल्पना कोणाला सोसवेना. अखेर चौक गावच्या आनंदीबाईनं होकार दिला. ती विधवा. तिचा मुलगा नामा पुण्याच्या रस्त्यावर मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात होता. आनंदीबाईची एकच अट होती.

“पोरगी पसंत हाय,” ती बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाली. “पण तुमी आमच्या दारात यायचं नाय. राग मानू नका.”

“राग कसला,” धाकलू म्हणाला. “तुमच्या जागी मी असतो तर मी पण मला येऊ दिलं नसतं.”

लोक हसले. धाकलू हसला नाही. १९४८च्या वैशाखात लग्न झालं. त्यानंतर तो दोनदा चौकला गेला, दोन्ही वेळा परक्यांच्या मयताचे निरोप घेऊन. लेकीच्या आळीवरून जावं लागू नये म्हणून तो शेतांतून वळसा घालून गेला.

माघ महिन्यात नामाचं कार्ड आलं. मीच वाचून दाखवलं. ‘सातवा लागला. न्यायला कोणाला तरी पाठवा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं आईचं म्हणणं आहे.’ ‘कोणाला तरी’ या शब्दांखाली रेघ होती.

“कोणाला पाठवू?” धाकलू म्हणाला. “मला भाऊ नाय, तिला भाऊ नाय.”

“तुम्हीच जा. वर्ष होत आलं. अट विसरली असेल बाई.”

“तसं नाय, भाऊ. मी गेलो, तिनं पाणी आणलं. आता बघा. लेकीला पोर होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाय, ही आमची रीत. म्हंजे बाप म्हणून मी नको म्हणायला पायजे. आणि मी नको म्हटलं तर?”

मी कार्ड त्याच्या हातात परत दिलं.

“पिलो तर बाप म्हणून चुकलो. नाय पिलो तर घरात बोंब. त्यात आनंदीबाईचा भाऊ हिरामण कशेळ्याला दोन महिने अंथरुणाला खिळलेला. ती कान लावूनच बसली असंल.”

हे असं अडलेलं असताना गोमाशेठचा तंबू आला.

गोमाशेठ गावोगाव तंबू लावून सिनेमे दाखवायचा. त्या वर्षी त्याच्याकडे एक इटालियन चित्रपट होता. युद्धात पकडलेल्या इटालियन कैद्यांच्या कुठल्याशा छावणीत ही रिळं करमणुकीसाठी आणली होती, छावणी मोडली आणि रिळं लिलावात निघाली, असं तो सांगे. नाव कोणालाच वाचता येत नव्हतं. त्यानं पाटीवर लिहिलं होतं, ‘इटलीचा हसून मरायचा खेळ’. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. पहिल्या संध्याकाळी तंबू भरला, दुसऱ्या संध्याकाळी अर्धा झाला, नंतर आम्ही दोघं आणि पाच-सहा माणसं. आम्ही सहा संध्याकाळी गेलो.

मी वही घेऊन जात होतो. ‘मृत्यू आणि प्रतिष्ठा यांतील विसंगती’ असं पहिल्या पानावर लिहिलं होतं. धाकलूच्या खिशात ते कार्ड होतं.

चित्रपटाचा नायक एका लहान गावच्या नगरपालिकेचा शिपाई. हडकुळा, लांब नाकाचा, डोक्यावर बिल्ल्याची टोपी. गावात कोणी मेलं की नातेवाइकांना सांगायचं काम त्याच्याकडे. तो दार वाजवतो. दार उघडतं. तो टोपी काढतो. घरात आकांत सुरू.

पहिल्यांदा टोपी निघाली तेव्हा धाकलूनं माझं मनगट धरलं. “भाऊ, ह्यांच्याकडं टोपी हाय.”

त्या नटाचं नाव मला आजही माहीत नाही. त्याच्या तोंडावर काहीही नसायचं. टोपी काढताना तो दुःखी दिसेल असं मला वाटलं होतं. आपल्याकडचा नट दिसला असता, गळाही दाटला असता. हा नुसता उभा राहायचा, दारापासून दोन पावलं अलीकडे, हात मांडीला चिकटलेले. मला पहिल्या दिवशी तो नवशिका वाटला. तसं मी वहीत लिहिलंसुद्धा.

“नवशिका?” धाकलू म्हणाला. “दुःख त्यांच्या घरचं. ह्यानंच तोंडावर घेतलं तर त्यांना काय उरंल?”

मी ते वाक्य खोडलं.

मग चित्रपटात येतो उन्हाळा. हा एका श्रीमंत म्हाताऱ्याच्या पुतण्याकडे पालिकेची साधी नोटीस घेऊन जातो. ऊन मी म्हणत असतं. दार उघडतं आणि घाम पुसायला तो टोपी काढतो. पुतण्या त्याच्याकडे बघतो, टोपीकडे बघतो, आणि आतल्या माणसांना हाक मारतो. सगळे धावत येतात. एकदा रडून घेतात आणि मग बाटल्या उघडतात. म्हातारा गेला, घर आपलं झालं! नायक सांगायला एक बोट वर करतो. कोणीतरी त्याच्या दुसऱ्या हातात पेला देतं. कोणी मिठी मारतं. कोणी नाचतं. बोट वरच. दीड-दोन मिनिटं ते बोट तसंच वर असतं आणि हळूहळू, अगदी हळूहळू, वाकत जातं. तंबूतली पाच-सहा माणसं पोट धरून हसली. धाकलू पुढे वाकून त्या बोटाकडे बघत होता.

“आता सांगंल,” तो पुटपुटला. “सांग रं. सांग, बाबा.”

सहाही दिवस त्यानं हे म्हटलं. सहाही दिवस नायकानं सांगितलं नाही.

पुढे बँड ठरतो, काळ्या घोड्यांची गाडी ठरते. नायक म्हाताऱ्याकडे जातो. म्हातारा ठणठणीत, सूप पितोय. नायक त्याच्या शेजारी बसतो. उशी नीट करतो. खिडकी बंद करतो, पुन्हा उघडतो. वारा लागतोय का बघतो. विनवण्या करतो. शब्द कळत नव्हते, तरी कळत होतं: आता तुम्ही मेलात तर फार उपकार होतील. हे सगळं त्याच कोऱ्या तोंडानं. इतकं भीषण आणि इतकं हसवणारं मी काही पाहिलं नव्हतं. म्हातारा मरत नाही. शेवटी लोकांचा विरस नको म्हणून नायक स्वतःच शवपेटीत जाऊन निजतो. बँड वाजतो. म्हातारा खिडकीतून आपलीच मिरवणूक बघतो आणि आदरानं डोक्यावरची टोपी काढतो. पेटीच्या फटीतून नायकाचे डोळे दिसतात, उघडे.

माझ्या वहीची बारा पानं भरली. समाज, सत्ता, युद्धात हरलेल्या देशाचं मन, असं बरंच काही मी लिहिलं होतं. धाकलूला वाचून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकलं.

“भिडस्त होता,” तो म्हणाला. “भिडेपायी गेला.”

बारा पानांत मला हे सुचलं नव्हतं.

“आणि चूक कुठं झाली सांगू? टोपी निघाली तेव्हा नाय. निघाली तर निघाली, माणसाला घाम येतो. ती लगेच परत घालायला पायजे होती.” थोड्या वेळानं तो म्हणाला, “मी शनवारी चौकाला जातो. तुमी बरोबर या. पाणी पिणार मी. बाप म्हणून शिव्या खाईन, पण पिणार.”

शनिवारी सकाळी त्यानं धुतलेलं धोतर नेसलं, गाडीत लेकीसाठी लुगडं ठेवलं, शेजारणीनं केलेल्या करंज्यांचा डबा ठेवला. बैल जुंपले. तेवढ्यात कशेळ्याचा गजा सायकल दामटत आला. गाडीपाशी थांबला, धापा टाकत.

“धाकलूदादा, चौकालाच चाललास ना? बरं झालं. हिरामण गेला पहाटेला. आनंदीबाईला सांग. बहीण आल्याबिगर उचलणार नाय, सांजपर्यंत थांबतो म्हणावं.”

मी धाकलूकडे बघितलं. आता तरी नाही म्हणेल, दुसरा कोणी बघ म्हणेल.

“बरं,” धाकलू म्हणाला.

गजा निघून गेला. आम्ही निघालो.

“परत फिरू,” मी म्हटलं. “उद्या येऊ न्यायला.”

“तिचा भाऊ उद्यापर्यंत थांबंल?”

“मग सांगून टाका.”

“सांगतो. मग लेकीच्या दारात मी जन्मभर तोच. नातू झाला तरी तोच.”

वाटेतल्या गावांत बाया अंगणात आल्या. धुतलेल्या धोतरातला धाकलू बघून त्या जास्तच घाबरल्या. तो प्रत्येक ठिकाणी गाडी थांबवून पाणी प्यायला. चौक येईपर्यंत मला त्याच्या पोटाचीच काळजी वाटू लागली होती.

आनंदीबाईचं घर रस्त्याला लागून. नामा कामावर गेलेला. जयवंता अंगणात भांडी घासत होती. बापाला बघून ती उठली, आनंदली, आणि दुसऱ्याच क्षणी पांढरी पडली. तिच्या माहेरी मरायला बापाशिवाय कोणी उरलं नव्हतं आणि बाप तर समोर उभा होता. तरी ती घाबरली. रीत माणसाच्या हिशोबापलीकडची असते.

आनंदीबाई बाहेर आली. पडवीच्या कडेला थांबली. कोणी ‘या’ म्हणालं नाही. ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. दुसऱ्या हातात माझ्यासाठी पेला होता. मी घाबरून तो घेतला आणि एका दमात संपवला.

धाकलू दोन पावलं अलीकडे उभा होता. हात मांडीला चिकटलेले. तोंडावर काहीही नव्हतं. मी ते तोंड सहा संध्याकाळी पडद्यावर बघितलं होतं.

त्यानं तांब्या घेतला. तोंडाला लावला. आणि प्यायला. सगळा.

आनंदीबाई खालीच बसली. मग उसळली. “अवो, लाज हाय का काय? लेकीला अजून पोर नाय झालं आणि बाप ढसाढसा पाणी पितो! असला कसला बाप? लोक काय म्हणतील आमाला? आँ? जयवंता, बघ तुजा बाबा!”

“तहान लागली,” धाकलू म्हणाला.

“तहान लागली म्हणं! विहीर नाय दिसली वाटंत?” ती बोलतच राहिली. करंज्या तुपातल्या का तेलातल्या, लुगड्याचा काठ असला कसा, गाडीत गवत का नाय घातलं, पोटुशीला हिसके बसतील ते. मुलीच्या बापाला जे जे ऐकावं लागतं ते सगळं. धाकलू ऐकत होता. वर्षभराचं राहिलेलं त्याला एकदम मिळत होतं. “आता उभे काय? बसा वर,” ती म्हणाली. तो पडवीवर चढला, बसला. जयवंता त्याच्याजवळ येऊन टेकली.

मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

ह्या वेळी मला कळलं.

मी उभा राहिलो. घसा साफ केला. “आनंदीबाई, एक दुःखद वार्ता सांगायची आहे.”

तिनं हसून जयवंताकडे बघितलं. “ह्या भाऊंना काय झालं?”

“आपले बंधू हिरामण आज पहाटे निवर्तले.”

“काय केलं?”

“गेले. वारले.”

“चेष्टा करता व्हय? पाणी पिलात ना तुमी माज्या समोर!”

मी पुन्हा सांगितलं. घाम आला. शब्द होते, सगळे शुद्ध होते, आणि एकही तिच्यापर्यंत पोचत नव्हता. कोणी रडेना. मी धाकलूकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. आनंदीबाईचं हसू हळूहळू गेलं. तिनं व्याह्याकडे मान वळवली.

“इवाई, तुमाला ठाऊक होतं?”

“मी पाणी पिलो ना,” धाकलू म्हणाला.

माझ्या माहितीत तो आयुष्यात एवढंच खोटं बोलला, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

आनंदीबाई उठली. आत गेली. पेला भरून आणला आणि माझ्यापुढे धरला. पाणी हिंदकळून माझ्या पायावर सांडत होतं. ती माझ्या डोळ्यांत बघत होती, शिकवणाऱ्या बाईसारखी.

“नको,” मी म्हणालो.

मग ती रडली.

दुपारी गाडी निघाली. जयवंताला घरात एकटी ठेवता येईना, म्हणून तिला कर्जतला उतरवून पुढे कशेळ्याला जायचं ठरलं. गाडीत आता गवत होतं, ते आनंदीबाईनं रडता रडता स्वतः घातलं होतं. धाकलू पुढे बसून बैल हाकत होता. मी मागे, पाय खाली सोडून. बराच वेळ आनंदीबाई भावाच्या आठवणी काढून हुंदके देत होती. मग शांत झाली. डोळे पुसले.

“इवाई,” ती धाकलूच्या पाठीला म्हणाली, “तुमी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं बघा. आदी पाणी पितो काय, मंग वार्ता म्हणतो काय. असं सांगतात होय? माज्या भावाचं मरण वाया घालवलं पोरानं.”

धाकलूनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. तोंडावर काही नव्हतं.

“नवीन हाय,” तो म्हणाला. “शिकंल.”